अनोळखी पेल एलला गुण देताना: सहा कॅन, सात आठवडे आणि माझं दांडी मारणारं नाक

शनिवार, २२ मार्च २०२५

मामेभावाची कोल्हापूरच्या अलीकडे हायवेला परमिट रूम आहे. परवा त्याचा फोन आला. एक नवी क्राफ्ट पेल एल (छोट्या ब्रुअरीची, फिकट रंगाची बिअर) बाजारात आली आहे, डिस्ट्रिब्युटर गळ्यात मारायला बघतोय. "दादा, दहा पेट्या उचलल्या तर स्कीम हाय. पण आपल्याला त्यातलं काय कळत नाही. तू दिवसभर लॅबमध्ये दह्या-तुपाचं वास घेत बसतोस की, तेवढं पिऊन सांग, ठेवू का नको."

मी भोसरीच्या बाजूला एका डेअरीत क्वालिटी कंट्रोलला आहे. सतरा वर्षं तूप, दही, लोणी यांना वासावर आणि चवीवर गुण देतोय. म्हटलं, बिअर ती काय अवघड!

दहा पेट्या म्हणजे २४० कॅन. नुसतं "बरी आहे" म्हणून भागणार नव्हतं, म्हणून नोंदी ठेवायच्या ठरवल्या. बिअरचं आणि ब्रुअरीचं नाव इथे देत नाही.

वाईन शॉपमधून एकाच बॅचचे सहा कॅन आणले, ३३० मिलीचे, १९० रुपयांना एक. बुडाला तारीख १८ डिसेंबर. म्हणजे माल तीन महिन्यांचा. दुकानात कॅन फ्रिजमध्ये नव्हते, दाराजवळच्या रॅकवर होते आणि दुपारचं ऊन तिथपर्यंत येत होतं. ही गोष्ट तेव्हा लिहून ठेवली नाही, नंतर आठवून लिहितोय. पहिली चूक हीच.

दुसरी चूक त्याच रात्री. पहिला कॅन थेट फ्रिजमधून काढला, फोडला, तोंडाला लावला. सोबत मसाला शेंगदाणे. मॅच चालू होती. वहीत नोंद काय, तर "भारी आहे. थोडी कडू." एक कॅन गेला, हाती काही नाही.

रविवार, २३ मार्च

आज शहाण्यासारखं करायचं ठरवलं. बिअरच्या स्पर्धांमध्ये परीक्षक बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेचा गुणतक्ता वापरतात. एकूण ५० गुण: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर मताला १०. आमच्या तुपाच्या तक्त्याशी फार लांबचं नातं नाही. मुळात ही 'अमेरिकन पेल एल' या प्रकारात मोडते, म्हणजे सिएरा नेवाडा ब्रुअरीनं १९८० पासून कॅलिफोर्नियात रुजवली ती वाट. सोनेरी ते फिकट तांबूस रंग, कॅस्केडसारख्या हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) लिंबूवर्गीय वास, साडेचार ते सहा-सव्वासहा टक्के अल्कोहोल, कडवटपणा ३० ते ५० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि पुस्तकी भाग संपवला.

दुसरा कॅन ग्लासात ओतला. फेस वर आला आणि अर्ध्या मिनिटात बसला. काठाला साबणाच्या फुग्यांसारखी दोन-चार बुडबुड्यांची कडी राहिली, बाकी सपाट. रूपाला ३ पैकी १ दिला आणि शेजारी लिहिलं, "फेस टिकत नाही, माल्ट कमी दर्जाचं?" माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, बिअरचा कच्चा माल.

बायको ओट्याशी होती. म्हणाली, "तो ताकाचा ग्लास आहे ना रे?"

होता. रोज दुपारी त्यात ताक पितो. भांड्याच्या साबणानं धुतला तरी स्निग्धांश पातळ थरानं काचेला धरून राहतो आणि फेसाचा पहिला वैरी स्निग्धांशच. हे मला माहीत नसेल तर कोणाला असणार? तरी ब्रुअरीच्या माल्टवर ठपका ठेवून मोकळा झालो होतो.

उपाय: ग्लास धुण्याच्या सोड्यानं घासला, भरपूर पाण्यानं खंगाळला, उपडा ठेवून वाळवला, फडक्यानं पुसला नाही. तपासायचं असेल तर स्वच्छ ग्लास ओला करून बघा. पाण्याचा सलग पडदा उतरला तर ग्लास साफ, थेंब-थेंब तुटून राहिले तर नाही. उरलेली बिअर त्यात ओतली तर अडीच मिनिटांनंतरही बोटभर फेस होता आणि घोटागणिक काचेवर जाळी उतरत होती. रूपाला आता ३ पैकी ३. पण तोवर कॅन उघडून वीस मिनिटं झालेली, वास उडालेला. दुसराही कॅन वाया.

पोट रुंद आणि तोंड निमुळतं असे दोन काचेचे ग्लास आणले, ४८० रुपये. हे फक्त बिअरसाठी. बुडाला बायकोची लाल नेलपॉलिश लावून खूण केली, म्हणजे परत कोणी त्यात ताक ओतणार नाही.

रविवार, ३० मार्च, पाडवा

आज बिअर नाही. आई इकडेच आहे, आणि सणाचा दिवस.

पण सकाळी कडुलिंब-गुळाची गोळी तोंडात टाकली आणि एक गोष्ट लक्षात आली. माझ्या वहीत दोन्ही वेळा "कडू" एवढंच लिहिलेलं. कडुलिंबाचा कडूपणा जिभेच्या मागे जाऊन बसतो, गूळ संपला तरी हलत नाही. मेथीचा लगेच कळतो आणि भाजीच्या पुढच्या घासात विरतो. संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाचा कोरडा असतो. पेल एलमध्ये यातला कोणता? चांगल्या पेल एलचा कडवटपणा घोट गिळल्यावर उठतो आणि पुढच्या घोटाची इच्छा ठेवून उतरतो, म्हणजे मेथीच्या जवळचा. कडुलिंबासारखा ठाण मांडून बसला तर गुण कापायचे.

आणि तुरटपणा वेगळा. तो कडूत धरायचा नाही, 'तोंडात कशी लागते' त्या पाच गुणांत धरायचा. इथे आपल्याला फायदा आहे. जांभूळ आणि आवळा खाऊन वाढलेल्या माणसाला तुरट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

सोमवार ते शुक्रवार, ३१ मार्च ते ४ एप्रिल

वासांची शाळा. हॉप्सचे वास परदेशी यादीतून पाठ करण्यात अर्थ नाही. ग्रेपफ्रूट मी आयुष्यात दोनदा खाल्लं असेल. घरात आणि मंडईत जे मिळतं त्यावर नाक तयार करायचं ठरवलं. आईच्या जुन्या मसाल्याच्या डब्यातले छोटे स्टीलचे डबे घेतले: संत्र्याची साल, मोसंबीची साल, लिंबाची साल, गवती चहा, कुटलेले धने, कैरीचा देठ त्याच्या चिकासकट, फुलवाल्याकडचा देशी गुलाब, ताजं कापलेलं गवत. सगळं मिळून ११० रुपये.

हे डबे उगाच निवडलेले नाहीत. हॉप्सच्या तेलात मर्सीन भरपूर असतं, तेच आंब्यात आणि गवती चहातही असतं. धन्याला धन्याचा वास देणारं लिनालूल हॉप्समध्येही सापडतं, आणि गुलाबातलं जिरॅनिऑलही. त्यामुळे कुणी "रेझिनी" (राळेसारखा) म्हटलं की मी कैरीचा देठ मोडल्यावर बोटाला लागणारा चीक आठवतो, आणि काम होतं.

बायकोनं डब्यांच्या बुडाला आकडे लावले, मी डोळे मिटून ओळखायचे. सोमवारी ८ पैकी ३. मोसंबी आणि लिंबू सारखी उलट होत होती, आणि धने चक्क "संत्रं" म्हणून सांगितले. गुरुवारी ८ पैकी ७ झाले.

मग शहाणपणा नडला. काही अमेरिकन हॉप्सना पाइनच्या राळेचा वास असतो म्हणून रंगाच्या दुकानातून साठ रुपयांचं टर्पेंटाइन आणलं, दोन थेंब कापसावर घेऊन मोहरीच्या डब्यात ठेवले आणि झाकण सैल राहिलं. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या डब्यांना एकच वास, रंगकामाचा. गुलाबसुद्धा रंगकामाचा. सगळं फेकून दिलं. टर्पेंटाइन हवंच असेल तर काचेच्या बाटलीत, वेगळ्या खोलीत ठेवा. खरं तर नकोच, कैरीचा चीक पुरतो.

शनिवार, ५ एप्रिल

तिसरा कॅन, पहिला खरा तक्ता. कामावरून साडेसहाला आलो, आंघोळ केली, आठ वाजता बसलो. फ्रिजमधून काढून बारा मिनिटं ठेवला, थर्मामीटरनं ८ अंश. चार अंशाला वास वरच येत नाही, हे पहिल्या रात्रीचं शिक्षण. तोंड साफ करायला कुरमुरे घेतले होते, ते खारे निघाले. मिठानं कडवटपणा दबतो, म्हणून बिनमिठाचा फुलका घेतला. तो उत्तम.

तक्ता असा: वास ९, रूप ३, चव १५, तोंडात ४, एकंदर ७. एकूण ३८. बीजेसीपीच्या पट्टीवर ३८ पासून 'उत्कृष्ट' सुरू होतं. नोंदीत लिहिलं: "संत्र्याची साल, मागे धने, थोडा कैरीचा चीक. हॉप्सचा वास अपेक्षेपेक्षा मंद. माल्ट बिस्किटासारखं. कडवटपणा मेथीच्या जातीचा, लवकर उतरतो. शेवटी किंचित ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी, वयामुळे असावं."

बायको बिअर पीत नाही. तिला नुसता वास घ्यायला दिला.

"थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा वास येतोय."

"छे! तो माल्टचा गोडसर वास आहे."

"मग तसं म्हण. मला पॉपकॉर्न येतंय. बटरवालं."

मी हसलो. लोण्याचा वास ओळखण्याचा पगार कोण घेतं या घरात? तक्त्यात 'डायअसेटिल' (लोण्याच्या वासाचं रसायन) पुढे शून्य लिहिलं आणि भावाला फोन करून सांगितलं की माल चांगला आहे. तो म्हणाला, "हाय व्हय? पण दादा, सँपलचं दोन कॅन गिऱ्हाइकांस्नी पाजलं, त्यातला एक म्हणतोय लोणी लागतंय."

रात्री झोप नीट लागली नाही.

रविवार-सोमवार, ६ आणि ७ एप्रिल

डायअसेटिल म्हणजे आमच्या धंद्यातला रोजचा गडी. लोण्याला लोण्याचा वास देणारा. बिअरमध्ये लिटरमागे साधारण ०.१ मिलीग्रॅमला तो कळायला लागतो. काही बिअरमध्ये थोडा चालतो, अमेरिकन पेल एलमध्ये दोषच.

तिघांपैकी कोण बरोबर हे ठरवायला त्रिकोणी चाचणी घ्यायची ठरवली. तीन ग्लास, दोन सारखे, एकात लोण्याचा वास घातलेला. वेगळा कोणता ते सांगायचं. अंदाजपंचे सांगितलं तरी तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून सहा फेऱ्या आणि त्यात किमान ५ बरोबर हव्यात.

लॅबमधलं रसायन आणलं नाही आणि तुम्हीही आणू नका. ते पिण्याजोगं नसतं, आणि तीव्र डायअसेटिलची वाफ हुंगणं धोक्याचं आहे. अमेरिकेत मिसुरीतल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात कामगारांची फुप्फुसं त्यानं गेल्याचं २००० साली उघड झालं. बेकरीच्या सामानाच्या दुकानातून बटर इसेन्स आणला, ७० रुपये. रविवारी साध्या सोड्यात थेंब टाकून बघितला तर वर तेलाचा तवंग. तेलात विरघळणारा इसेन्स होता. बिअरमध्ये टाकला असता तर फेस गेला असता आणि तवंग बघूनच ग्लास ओळखला असता. दुसरा, पाण्यात मिसळणारा, ८५ रुपये. एक थेंब १०० मिली पाण्यात, त्यातलं १ मिली २०० मिली बिअरमध्ये.

बिअर म्हणून साधी लागर, म्हणजे नेहमीची सौम्य बिअर, घेतली, ६५० मिलीची बाटली, २०० रुपये. तिच्यात लपायला जागा नसते. ग्लास कुठल्या जागी ठेवायचे ते बायको लुडोचा फासा टाकून ठरवत होती.

सोमवारी संध्याकाळी, कामावरून आल्यावर: मी ६ पैकी २. आंधळ्यानं बोट ठेवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

मग ग्लास मी लावले आणि तिनं नुसता वास घेतला. ६ पैकी ६. तिसऱ्या फेरीत तर मी ग्लास ठेवून हात मागे घ्यायच्या आत म्हणाली, "हा."

सतरा वर्षं.

रविवार, १३ एप्रिल

आठवडाभर डोक्यात हेच. आमच्याकडे काही माणसांना जन्मतःच डायअसेटिल कमी कळतो, त्यांना लोण्याच्या पॅनेलवर घेत नाहीत. मी त्यातला नाही, सकाळच्या पॅनेलवर मी नेहमी नीट ओळखतो. सकाळच्या.

तिथे गाडी थांबली. सकाळी साडेआठला नाक कोरं असतं. त्यानंतर आठ तास तूप कढवण्याच्या आणि विरजणाच्या खोल्यांमधून फिरणं. संध्याकाळपर्यंत नाक त्या वासाला इतकं सरावलेलं असतं की तो वास उरतच नाही. चांभाराला कातड्याचा वास येत नाही म्हणतात, तशातली गत. आणि मी सगळे तक्ते संध्याकाळी भरत होतो.

म्हणून शनिवारी सुट्टी टाकली आणि आज रविवारी सकाळी दहाला, डेअरीत पाय न टाकता चाळीस तास झाल्यावर, तीच चाचणी. तीच लागर, तोच इसेन्स, तेवढाच डोस. आई देवपूजा आटोपून बाहेर आली तर टेबलावर अठरा पेले मांडलेले. "रविवारी सकाळी सकाळी?" एवढंच म्हणाली आणि परत आत गेली. प्रत्येक घोट थुंकत होतो, पण ते तिला कोण सांगणार.

६ पैकी ५.

म्हणजे ५ एप्रिलचे ३८ गुण कचऱ्यात. हे लिहिताना लाज वाटते, पण ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांनी आपण दिवसभर कशाच्या वासात असतो ते आधी बघावं. मसाल्याच्या कांडपात असाल तर धने विसरा. बेकरीत असाल तर माल्टवर बोलू नका. निदान रविवारपर्यंत.

रविवार, २० एप्रिल

चौथा कॅन, सकाळी साडेदहा, परत शनिवारची सुट्टी टाकून. ग्लास नाकाशी नेला आणि लोणी. शंकाच नाही. संत्र्याची साल त्याच्या मागे कुठेतरी पातळ होऊन उभी. चवीत टॉफीसारखा गोडवा आणि गिळल्यावर जिभेवर गुळगुळीत, तेलकट थर राहिल्यासारखं. तो थर मी ५ तारखेला "भरीव माल्ट" समजून ४ गुण देऊन बसलो होतो.

तक्ता: वास ६, रूप ३, चव ११, तोंडात ३, एकंदर ५. एकूण २८.

आता एक कबुली. लोणी आहे हे मला आधीच सांगितलेलं होतं. सांगितलेलं सापडणं सोपं असतं. म्हणून हा तक्ता कच्चा धरला.

पुढचा प्रश्न भावाच्या कामाचा. दोष बनवतानाचा की प्रवासातला? दोन रस्ते दिसत होते. एक, बिअरला जंतू लागले. आमच्याकडे विरजणाला वास देणाऱ्या जंतूंचे चुलतभाऊ बिअरमध्ये शिरले तर लोणी आणि आंबटपणा दोन्ही येतात. ते तपासायला खिशातला पीएच मीटर घेतला, ८५० रुपये, सोबत बफरच्या (मीटर जुळवून घ्यायच्या) पुड्या. घाईत बफर न लावताच मापलं, ५.१ आलं. बिअर साधारण ४ ते ४.५ मध्ये असते, तेव्हा हे काहीतरीच. ४ आणि ७ च्या बफरवर मीटर लावून घेतल्यावर ४.३ आलं. चवीला आंबट नाही, गढूळ नाही. जंतूंवर संशय जवळजवळ गेला.

दुसरा रस्ता यीस्टचा. आंबताना यीस्ट एक पूर्वपदार्थ बाहेर टाकतं, त्याचं पुढे आपोआप डायअसेटिल होतं आणि वेळ दिला तर यीस्टच ते परत खाऊन टाकतं. घाई करून बिअर लवकर थंड केली, यीस्ट काढून टाकलं आणि कॅन भरले, तर पूर्वपदार्थ आत तसाच राहतो. भरताना वास स्वच्छ. मग ऊन लागलं की डब्यात लोणी तयार व्हायला लागतं, आणि ते खायला आत यीस्ट नाही.

ही तपासणी तापवून होते. उरलेली बिअर पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवली आणि भावाचा फोन आला म्हणून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा पाणी ८५ वर. बिअरचा काढा झाला होता, वास शिजवलेल्या कोबीचा. चौथा कॅन खलास.

रविवार, २७ एप्रिल

पाचवा कॅन. या वेळी नीट. बिअर दोन भांड्यांत उलटसुलट ओतून गॅस घालवला. जॅमच्या धुतलेल्या दोन बरण्यांमध्ये निम्मी-निम्मी घातली, झाकण सैल. बंद कॅन कधीही गरम पाण्यात टाकू नका, फुटेल. एक बरणी फ्रिजमध्ये. दुसरी ६३ अंशाला तीस मिनिटं. बिअरवाले साठ ते पासष्टच्या मध्ये वीसेक मिनिटं पुरे म्हणतात, पण ६३ ला तीस मिनिटं हे दुधाच्या पाश्चरायझेशनचं माप आहे आणि ते माझा हात झोपेतही सांभाळतो. नंतर बरणी बर्फात थंड केली, दोन्ही एका तापमानाला आणल्या.

फ्रिजमधली: लोणी, आठवड्यापूर्वी होतं तेवढं. तापवलेली: बेकरीचं दार उघडल्यासारखी. बायको म्हणाली, "ही तर बटर बिस्किटं आहेत," आणि बरणी दूर सारली.

म्हणजे पूर्वपदार्थ अजून आत शिल्लक आहे. हाच माल मे महिन्यात भावाच्या पत्र्याच्या गोदामात पडला तर रोज थोडा-थोडा बिघडत जाईल. ब्रुअरीनं घाई केली आणि दुकानाच्या उन्हानं ती उघडी पाडली. दोघांचा अर्धा-अर्धा दोष.

हिंदुस्थानात बिअर पाठवणाऱ्या लंडनच्या होजसन ब्रुअरच्या जमान्यात पेल एल तिथून निघून आफ्रिकेच्या टोकाच्या केपला वळसा घालून महिनोन्‌महिने पिंपात हिंदकळत मुंबईला उतरायची, तरी इथले साहेब ती आवडीनं प्यायचे. त्या पिंपांत यीस्ट जिवंत असायचं. आमचा कॅन दुकानाच्या दारातच हरला.

भावाला सांगितलं, डिसेंबरचा माल घेऊ नकोस. "मग नव्या बॅचचं बघ की दादा, डिस्ट्रिब्युटर म्हणतोय एप्रिलचा माल आलाय."

गुरुवार, १ मे

सुट्टी होती म्हणून नवे कॅन आणायला गेलो. शटर खाली. महाराष्ट्र दिन, ड्राय डे. जन्म इथला, तरी दरवर्षी विसरतो. पेट्रोल आणि दीड तास गेला.

रविवार, ४ मे

काल नव्या बॅचचे तीन कॅन आणले, ५७० रुपये. तारीख ७ एप्रिल, म्हणजे चार आठवड्यांचा माल. या वेळी दुसऱ्या दुकानातून, जिथे बिअर फ्रिजमध्ये ठेवतात.

आधी २० तारखेची कच्ची नोंद पक्की करायची होती. जुन्या बॅचचा शेवटचा, सहावा कॅन आणि नवा कॅन, दोन्ही ८ अंशाला, त्रिकोणी चाचणी. बिअर पुरेल तेवढ्या चारच फेऱ्या. ४ पैकी ४. योगायोगानं असं व्हायची शक्यता ८१ मध्ये एक. वेगळेपण ऐकीव नव्हतं, नाकाला खरंच कळत होतं.

मग नव्या बॅचचा दुसरा कॅन फोडून तक्ता: वास ९, रूप ३, चव १५, तोंडात ४, एकंदर ६. एकूण ३७. संत्र्याची साल ग्लासातून उडी मारून येते. मागे कैरीचा चीक, आणि अगदी शेवटी, ग्लास कोमट झाल्यावर, गुलाबाची एक छटा. पुठ्ठा नाही. लोणी नाही. एकंदर मताला ६ च दिले, कारण कडवटपणा थोडा भित्रा वाटला. ३० च्या काठावर असावा. मला अजून चालला असता.

तिसरा कॅन ६३ अंशाला तीस मिनिटं. मला काही फरक कळला नाही. बायकोला "असेल तर अगदी जरासा" कळला. तिच्या नाकावर विश्वास ठेवून तसं लिहिलंय. म्हणजे या खेपेला टाकीला पुरेसा वेळ दिलेला दिसतो.

भावाला निरोप: दहा पेट्यांची स्कीम सोडून दे. एका वेळी दोन पेट्या, तारीख सहा आठवड्यांच्या आतली, आणि आल्या आल्या फ्रिजमध्ये. गोदामात एक दिवसही नाही. तो जरा नाराज झाला, स्कीममध्ये छत्री होती म्हणे.

रविवार, ११ मे

भावानं दोन पेट्या उचलल्या. लोणी म्हणणारं गिऱ्हाईक परत आलं, दोन कॅन प्यायलं, काही बोललं नाही. गिऱ्हाईक न बोलणं म्हणजे कोल्हापुरात पसंती.

हिशेब: जुन्या बॅचचे कॅन ११४०, नवे ५७०, लागर दोन बाटल्या ४००, ग्लास ४८०, पीएच मीटर ८५०, इसेन्स दोन मिळून १५५, मंडई ११०, टर्पेंटाइन ६०. एकूण ३७६५. यातले शेंगदाण्यांचा कॅन, ताकाच्या ग्लासातला, ५ एप्रिलचा आणि काढा झालेला, असे ७६० रुपये निव्वळ चुकांचे. शनिवारच्या दोन सुट्ट्या वेगळ्या. तापवण्याची चाचणी पहिल्याच आठवड्यात, सुट्टीच्या सकाळी केली असती तर तीन कॅनमध्ये उत्तर मिळालं असतं.

आईचा मोहरीचा डबा अजून टर्पेंटाइनचा वास मारतोय. सोडा, लिंबू, ऊन, राख सगळं करून झालं. काल नवा आणून दिला, ४० रुपये. हिशेब ३८०५ धरा.